सुट्या भागांचं दालन

१० जानेवारी २००८ रोजी मी दिल्लीच्या प्रगती मैदानावर होतो. तेव्हा मी नागपूरच्या एका दैनिकात वाणिज्य पान पाहत असे. एरवी आमच्यासारख्या पत्राच्या माणसाला दिल्लीच्या वाहन प्रदर्शनाला जायचं कारण नव्हतं. वृत्तसंस्थेची बातमी उचलून काम भागत असे. पण त्या दिवशी टाटांची एक लाखाची मोटार लोकांपुढे येणार होती आणि संपादकांना आपल्या माणसाने पाहून लिहिलेली बातमी हवी होती. रतन टाटा स्वतः नॅनो चालवत मंचावर आले तेव्हा आम्ही बरेच पत्रकार खुर्च्यांवर उभे होतो. तशा अवस्थेतच मी टिपणं घेतली. मागच्या बाजूला दोन सिलिंडरचं इंजिन, समोरच्या काचेला एकच वायपर, चाकाला तीनच नट. तीन दिवसांत चार बातम्या पाठवल्या. चारही नॅनोच्या.

परत आल्यावर घाट रोडच्या मागच्या गल्लीतल्या मिस्त्रींकडे स्कूटर द्यायला गेलो. ओळख जुनी. माझी बातमी त्यांनी वाचली होती, कात्रण भिंतीवर चिकटवलंही होतं. हात पुसत त्यांनी विचारलं, "भाऊ, इंजिन मागं आहे म्हणता, तर ते उतरवायचं कसं? गाडी वर उचलायची, का इंजिन खाली सोडायचं? अन् रिंगा-पिस्टन कोणाचे येऊन राहिले? बाजारात मिळतील, का कंपनीतच जावं लागेल?"

मी म्हणालो, "ते काही मी पाहिलं नाही, मिस्त्री."

"म्हणजे आमच्या कामाचं काहीच नाही आणलं," ते म्हणाले, आणि स्कूटरचा प्लग काढायला बसले. रागाने म्हणाले नाहीत. बाजारातून कोथिंबीर विसरून आलेल्या माणसाला म्हणावं तसं म्हणाले.

त्यांच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्याच मैदानावर मिळाली असती. वाहन प्रदर्शन भरवणाऱ्या तीन संस्थांपैकी एक, 'ॲक्मा', सुटे भाग बनवणाऱ्यांचीच संघटना आहे. १९५९ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली, १९८२ पासून या नावाने चालते. पिस्टन, बेअरिंग, क्लच प्लेट, ब्रेक लायनर, गॅस्केट बनवणाऱ्यांची दालनं नॅनोच्या मंचापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. मी त्या बाजूला चहासाठीसुद्धा फिरकलो नव्हतो.

पुढे नोकरी सुटली आणि नागपुरातल्या वाहनदुरुस्तीच्या धंद्याचा इतिहास लिहावा असं मनात आलं. शहराचा हक्क आहे त्यावर. देशाच्या मध्यावरचं गाव, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे महामार्ग इथेच एकमेकांना छेदतात. वाडीच्या ट्रकतळापासून सेंट्रल अव्हेन्यूवरच्या दुकानांपर्यंत किती घरं या धंद्यावर जगली याची मोजदाद कोणी केलेली नाही. साधनं शोधायला ग्रंथालयांत जुन्या अंकांच्या बांधीव फायली काढल्या. मोटारी भरपूर सापडल्या. नवी गाडी आली, मंत्र्याने फीत कापली, अपघात झाला, पेट्रोल महागलं. गाडी बंद पडल्यावर ती कोण चालू करतं, आणि त्याला लागणारा भाग कुठून येतो, हे मात्र बातमीत नाही. जाहिरातीत आहे, तेही दुकानाच्या नाव-पत्त्यापुरतं.

असं का झालं याचा शोध घेताना मी जरा लांबपर्यंत गेलो.

नागपूरला प्रदर्शनांची सवय जुनी आहे. डिसेंबर १८६५ मध्ये, सर रिचर्ड टेंपल मध्य प्रांताचे चीफ कमिशनर असताना, इथे कला, कारखानदारी आणि शेतमाल यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये. म्हणजे या प्रदर्शनातला माल बैलगाड्यांनीच आला असणार, आणि वाटेत कितीएक गाड्यांचे आख मोडले असतील. त्या प्रदर्शनाचा सरकारी अहवाल छापला गेला. सरकारी अहवालाला वाचक नसतात, पण कोणी काय आणलं याची नोंद करणं त्याला भाग असतं. वर्तमानपत्राचं उलट आहे. त्याला वाचक असतात, म्हणून त्याला निवडावं लागतं.

मोटारीच्या बाबतीत ही निवड पहिल्यापासून एका बाजूला झुकलेली होती, कारण मोटारीचे जलसे आणि वर्तमानपत्रं एकाच घरातून निघाली. पॅरिसमध्ये 'ल पती जूर्नाल' या दैनिकाने, पिएर जिफार या संपादकाच्या पुढाकाराने, जुलै १८९४ मध्ये पॅरिस ते रूआँ अशी घोडा नसलेल्या गाड्यांची चाचणी भरवली. बातमी देणाऱ्यानेच घटना घडवली. चार वर्षांनी, जून १८९८ मध्ये, त्याच शहरात पहिलं मोटार प्रदर्शन भरलं तेव्हा अट अशी होती की गाडीने आधी पॅरिसहून व्हर्सायला जाऊन परत येऊन दाखवावं. ही अट मला फार आवडते. आज ती कुठल्याही प्रदर्शनाला घातली तर निम्मी दालनं रिकामी होतील.

पण गोष्ट पुढे आहे. जिफार नंतर 'ल व्हेलो' हे क्रीडा दैनिक चालवत असे. द्रेफ्यूस प्रकरणात त्याने द्रेफ्यूसची बाजू घेतली आणि मोटारी बनवणारा काउंट द दिओँ याच्याशी त्याचं बिनसलं. द दिओँ, सायकली बनवणारा क्लेमाँ आणि टायर बनवणारा मिशलँ अशा कारखानदारांनी पैसे घालून ऑक्टोबर १९०० मध्ये दुसरं पत्र काढलं. तेच पुढे 'लोतो', म्हणजे 'मोटार', या नावाने चाललं आणि १९०३ मध्ये त्याने 'तूर द फ्रान्स' ही सायकल शर्यत सुरू केली. जाहिरातदाराने संपादकाला धडा शिकवण्यासाठी अख्खं वर्तमानपत्र काढल्याचं हे जुनं उदाहरण. आमच्या कचेरीत जाहिरात विभागाचा माणूस येऊन "तेवढं एक वाक्य काढता का?" असं म्हणायचा, तेव्हा मला वाटायचं हे अलीकडचं पतन आहे.

त्याच १९०० मध्ये मिशलँने आणखी एक गोष्ट केली, आणि ती आमच्या विषयाच्या जास्त जवळची आहे. मोटार चालवणाऱ्यांसाठी एक छोटं पुस्तक फुकट वाटलं. आज मिशलँच्या ताऱ्यांवरून जगभरची हॉटेलं जोखली जातात ते हेच पुस्तक, पण पहिल्या आवृत्तीत टायर कसा बदलावा, पेट्रोल कुठे मिळेल आणि कोणत्या गावात मिस्त्री आहे ही माहिती होती. मिस्त्रीचा पत्ता छापावा असं वर्तमानपत्राला वाटलं नाही, टायरवाल्याला वाटलं. मिस्त्री असला तर गाडी चालेल आणि गाडी चालली तर टायर झिजेल.

अमेरिकेतही तोच मासला. जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या लष्करी शस्त्रागाराच्या इमारतीत, जुन्या गाड्यांना नवी इंजिनं आणि नवे भाग बसवून पळवणाऱ्या पोरांचं प्रदर्शन भरलं. त्याची प्रसिद्धी पाहणाऱ्या रॉबर्ट पीटरसनने त्याच निमित्ताने 'हॉट रॉड' हे मासिक काढलं आणि पंचवीस सेंटला विकलं. हे भाग बनवणाऱ्यांनी १९६३ मध्ये 'सेमा' ही संघटना काढली. तिचं पहिलं व्यापारी प्रदर्शन १९६७ मध्ये डॉजर स्टेडियममध्ये भरलं, तेही पीटरसनच्या प्रकाशनसंस्थेच्या पुढाकाराने. आज ते लास व्हेगासला भरतं. जर्मनीत फ्रँकफर्टला १९७१ पासून 'ऑटोमेकानिका' भरतं, आणि त्याची भावंडं पुढे दिल्लीपर्यंत आली. नव्या गाड्या नव्हे, तर विकलेल्या गाडीला पुढे आयुष्यभर लागणाऱ्या वस्तू, हा या दोन्हींचा विषय. त्यांना वार्ताहर मिळाले, पण ते धंद्याच्या मासिकांचे. त्यांचे वाचक म्हणजे दालनात उभे असलेले लोकच.

आपल्याकडे काय होतं? धंद्याने काढलेलं नियतकालिक मराठीला नवीन नाही. अमेरिकेत फोर्ड कंपनीचं 'फोर्ड टाइम्स' १९०८ पासून निघत होतं. इकडे शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' काढलं. नांगर विकणाऱ्या कारखान्याचं ते पत्रक. पण वाचक वाढले तसं त्यात साहित्य आलं, समाजसुधारणा आली, 'खबर' हा शब्द गळाला आणि नांगराचे सुटे भागही मागे पडले. मराठी वाङ्मयाचा फायदाच झाला, त्याबद्दल तक्रार नाही. नागपुरात धरमपेठेतून 'उद्यम' मासिक निघायचं. साबण कसा करावा, शाई कशी करावी, छोटा धंदा कसा उभारावा, असं हाताला काम देणारं लिखाण त्यात असे. मोटारीचा मिस्त्री मराठीत वाचेल आणि त्याला उपयोग होईल असं काही लिहिता येतं, याचा तो पुरावा. ती वाट दैनिकांनी घेतली नाही. मोटार धंद्याचं मासिक मद्रासहून १९५६ पासून निघू लागलं, 'मोटरइंडिया', पण ते इंग्रजीत.

याच काळात खरी बातमी घडत होती. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारने ठरवलं की टप्प्याटप्प्याने भारतात मोटार बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे त्यांनीच इथे राहावं. मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्यांची जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, फोर्डही गेली. स्वदेशी उद्योगाच्या दृष्टीने हा मोठा निर्णय, आणि तो त्याच दृष्टीने छापून आला. पण कंपनी गेली म्हणून तिच्या गाड्या गेल्या नाहीत. शेव्हरोले आणि फोर्डच्या गाड्या, ट्रक पुढे वर्षानुवर्षं रस्त्यावर राहिले, आणि त्यांचे भाग आयात करायला परवाने लागत. मिस्त्रींचे वडील अशाच एका ट्रकवर काम शिकले. बुश झिजलं की लेथवर नवं काढायचं, रिंग मिळाली नाही की दुसऱ्या गाडीची घासून बसवायची. 'लोकल माल' हा शब्द तिथून आला. तो आज आपण नाक मुरडून वापरतो. दिल्लीच्या काश्मिरी गेटचा बाजार, मुंबईतली कुर्ल्याची दुकानं याच टंचाईवर वाढली. कारखाने उघडल्याच्या बातम्या आहेत. ज्या गाड्यांना कारखाना उरला नाही त्या कशा चालल्या, हे ज्याने चालवल्या त्यालाच विचारावं लागतं, आणि असे लोक आता मोजकेच आहेत.

जानेवारी १९८६ मध्ये प्रगती मैदानावर पहिला 'ऑटो एक्स्पो' भरला. मारुती रस्त्यावर येऊन दोन वर्षं झाली होती. हीरो होंडा, टीव्हीएस सुझुकी, डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आणि आपल्या पुण्याची कायनेटिक होंडा, अशी जपानी-भारतीय जोडनावं घरोघरी पोचत होती. त्या प्रदर्शनाकडे लोकांनी आणि पत्रांनी उद्याचा भारत म्हणून पाहिलं, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. दुसरं प्रदर्शन १९९३ मध्ये, म्हणजे उदारीकरणानंतर. मग ते दर दोन वर्षांनी ठरूनच गेलं. १९९८-९९ मध्ये मुंबईतून 'ओव्हरड्राइव्ह' आणि 'ऑटोकार इंडिया' निघू लागली. गाडी चालवून पाहून तिचे गुणदोष लिहिणारी पिढी आली. मराठी दैनिकांत आली ती वाहन पुरवणी.

पुरवणीबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो, कारण अकरा वर्षं ती मीच भरली. साडेतीन मुहूर्तांपैकी गुढीपाडवा आणि दसरा हे दोन आमच्या हंगामाचे. विक्रेत्यांच्या जाहिराती आधी ठरत, उरलेल्या जागेच्या मापाचा मजकूर मी लिहीत असे. त्यातला निम्मा कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकातून मराठीत आणलेला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची बातमीही ठरलेली: शहरात किती गाड्यांची विक्री झाली. आदल्या दिवशी खंडेनवमीला प्रत्येक गॅरेजात पाने, जॅक, हातोड्या धुऊन मांडून त्यांची पूजा होत असे. त्याचा फोटो पाठवावा असं छायाचित्रकाराला मी कधी सांगितलं नाही. आमचे मिस्त्री दसऱ्याला गॅरेज उघडं ठेवत. दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखो लोकांच्या गाड्यांपैकी कुठली ना कुठली त्यांच्या गल्लीपर्यंत ढकलत आणली जायची.

सगळा दोष जाहिरातींवर टाकणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. सुट्या भागांचे व्यापारीही बातमीला भीत. भाव छापले तर शेजारी चिडणार, 'डुप्लिकेट'बद्दल छापलं तर चौकशी लागणार. आणि आम्हा वार्ताहरांना पिस्टन रिंगेबद्दल काय लिहायचं हे कळत नव्हतं, हे कबूल केलेलं बरं. दिव्यांच्या झोतात फिरणाऱ्या गाडीवर कोणीही चारशे शब्द लिहितो. गॅस्केटवर चार वाक्यं लिहायची तर आधी ते जळतं कसं हे माहीत हवं.

तरीही एक चूक मला जास्त टोचते. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांवर दंड ठोठावला. ती बातमी माझ्याच टेबलावर आली. मी आकडा मथळ्यात घेतला, कंपन्यांची नावं दिली, शेअर बाजाराची एक ओळ जोडली आणि पान सोडलं. निकालात काय होतं ते मी तीन वर्षांनी वाचलं. कंपन्या आपले अस्सल भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, बाहेरच्या गॅरेजांना दुरुस्तीची पुस्तिका आणि दोष शोधण्याची यंत्रं देत नाहीत, बाहेर दुरुस्ती केली तर वॉरंटी जाईल असा धाक घालतात, असं आयोगाने नोंदवलं होतं. मिस्त्रींनी २००८ मध्ये मला विचारलेल्या तिसऱ्या प्रश्नाचंच हे उत्तर होतं, आणि ते मी त्यांच्यापासून दोन किलोमीटरवर बसून दंडाच्या आकड्याखाली गाडून टाकलं होतं. पुढे अपिलं झाली, प्रकरण लांबलं. पण असा निकाल आहे हे ज्यांना कळायला हवं होतं त्यांना आमच्या पानावरून कळलं नाही. मिस्त्रींना मी तो सांगितला तेव्हा त्यांच्या गल्लीतली दोन गॅरेजं बंद झाली होती. एका जागी मोबाईलचं दुकान होतं.

त्याच २०१४ मध्ये आणखी एक फाळणी झाली. वाहनांचं प्रदर्शन ग्रेटर नोएडाला गेलं, सुट्या भागांचं प्रगती मैदानावरच राहिलं. मध्ये पस्तीस-चाळीस किलोमीटर. वार्ताहराला आता नुसतं दालन चुकवायचं नव्हतं, शहराचं टोकच चुकवायचं होतं. जानेवारी २०२५ मध्ये वाहनं परत प्रगती मैदानावरच्या भारत मंडपमला आली, तर सुटे भाग द्वारकेच्या यशोभूमीला हलवले. 'ॲक्मा'च्या हिशोबाने २०२३-२४ मध्ये भारतातल्या सुट्या भागांच्या उद्योगाची उलाढाल ६.१४ लाख कोटी रुपयांची होती, आणि त्यात विक्रीनंतरच्या बाजाराचा, म्हणजे घाट रोडच्या काउंटरवरून जाणाऱ्या मालाचा वाटा सुमारे ९४ हजार कोटींचा. इतक्या रकमेचा धंदा गावाच्या एका टोकाला भरतो आणि त्याचा फोटो येत नाही.

यशोभूमीला मी गेलो होतो, स्वतःच्या खर्चाने. वाणिज्य पान माझ्याकडे नव्हतं, त्यामुळे कुठल्या मंचाकडे धावायचं नव्हतं. भारत मंडपममध्ये विजेवर चालणाऱ्या नव्या मोटारींभोवती गर्दी असल्याचं फोनवर दिसत होतं. इथे मात्र लोक वाकून वस्तू हातात घेत होते, नखाने घासून पाहत होते, वजन करत होते. बोलणं हलक्या आवाजात, बहुतेक हिंदीत आणि पंजाबीत. एका फिल्टरवाल्याने मला विचारलं, "कहाँ की दुकान?" मी नागपूर म्हणालो. दुकान नाही हे सांगायच्या आत त्याने नागपूरच्या तीन व्यापाऱ्यांची नावं घेतली, त्यातल्या एकाची थकबाकी सांगितली, आणि दरपत्रक हातात दिलं. मी 'प्रेस' म्हटलं असतं तर त्याने मला माहितीपत्रक दिलं असतं. मी काही म्हटलं नाही. संध्याकाळपर्यंत दोन पिशव्या भरल्या: दरपत्रकं, कॅटलॉग, भिंतीवरची कॅलेंडरं. ही कॅलेंडरं प्रत्येक गॅरेजात असतात. या धंद्यातल्या माणसाकडे दरवर्षी न चुकता येणारं छापील असं तेवढंच.

मिस्त्रींनी गॅरेज २०२० नंतर बंद केलं. एप्रिलपासून नवे प्रदूषण-नियम लागू झाले, दुचाक्यांतून कार्ब्युरेटर गेला, आणि त्यातच टाळेबंदी. आता ते मुलाकडे मानेवाड्याला राहतात. मी पिशव्या घेऊन गेलो तेव्हा त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. तिच्यात त्यांच्या वडिलांपासूनची दरपत्रकं होती, समासात पेन्सिलने खुणा: कुठल्या गाडीचा कुठला भाग कुठल्या दुसऱ्या गाडीला चालतो, किती घासावा लागतो, कोणाचा माल सहा महिन्यांत दगा देतो. जीपला मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवण्याचं मापासकट एक पूर्ण पान. इतकी वर्षं ग्रंथालयात जे शोधत होतो ते त्या पेटीत होतं. उतरवून घ्यायला मी आठवड्यातून दोनदा जातो. वाचायचं मी, अक्षर लागलं नाही की सांगायचं त्यांनी.

त्या पहिल्या दिवशी मात्र त्यांना पेटीत रस नव्हता. चष्मा लावून त्यांनी मी आणलेला गॅस्केटचा कॅटलॉग उघडला, मागून पुढे चाळला, एका पानावर बोट ठेवलं. नॅनोचं हेड गॅस्केट होतं.

"भाऊ," ते म्हणाले, "हे किती मायक्रॉनचं आहे, विचारलं होतं का?"